सायपाय वर्षभर वापरल्यावर: बाकी ठीक, पण त्या ‘क्वाड’चं काय करायचं?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटात डोसिंगचे आणि रिअ‍ॅक्टरचे हिशेब वर्षभर सायपायवरच (पायथॉन भाषेतली गणिताची फुकट लायब्ररी) चाललेत. विकतच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन आलं होतं. टूलबॉक्सचे पैसे वेगळे म्हटल्यावर साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. बरंच झालं.

आज लिहायला बसलो कारण सिस्टीमवाल्याने न विचारता अपडेट मारलं आणि ‘सिम्प्स’ (नोंदींवरून एकूण बेरीज, म्हणजे इंटिग्रल काढणारं फंक्शन) सापडेना. २०२४च्या १.१४ आवृत्तीत जुनी नावं काढलीत. आता ‘सिम्प्सन’ आणि ‘ट्रॅपेझॉइड’ लिहायचं. वॉर्निंग आधीपासून येत होती म्हणे. पण फाइली लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, वाचणार कोण? नावं बदलली, काम झालं.

माझं खरं भांडण ‘क्वाड’शी आहे. या फंक्शनला दराचं सूत्र आणि वेळ दिली की ते एकूण बेरीज काढून देतं. शिफ्ट ८ तासांची, म्हणजे २८,८०० सेकंद. सुरुवातीचे ४० सेकंद पंप चालतो, सेकंदाला अर्धा लिटर, मग बंद. शाळेतलं पोरही २० लिटर सांगेल. क्वाडला पूर्ण शिफ्ट दिली की उत्तर ०.०, आणि शेजारी त्रुटीचा अंदाज, तोही ०.०! क्वाडच्या आतली लायब्ररी क्वाडपॅक ऐंशीच्या दशकातली, मूळ फोर्ट्रान या जुन्या भाषेतली. ते आधी २१ ठिकाणी डोकावतं आणि त्यातलं पहिलं ठिकाण येतं ६२व्या सेकंदाच्या पुढे. तोवर पंप बंद. सगळीकडे शून्य दिसलं की याचं काम संपलं. मीटर रीडिंगवाला जिना न चढता ‘दार बंद’ लिहून जातो, तसं. उत्तर चुकेल, चालतं हो. पण ‘त्रुटी शून्य’ कशाच्या जोरावर?

आता इतक्या शिव्या दिल्यावर हेही सांगतो: ‘पॉइंट्स’मध्ये (दर कुठे अचानक बदलतो ते सांगायची जागा) ४० दिलं की हेच क्वाड बरोबर २० देतं. म्हणजे पंप कधी थांबला ते तुम्हीच सांगायचं. पीएलसीचा (पंप चालवणाऱ्या कंट्रोलरचा) लॉग असेल तर क्वाडच्या नादी लागूच नका, सरळ ट्रॅपेझॉइड लावा.

‘सॉल्व्ह आयव्हीपी’वर (वेळेनुसार बदलाची समीकरणं सोडवणारं फंक्शन) मात्र मी खूश आहे. एक रिअ‍ॅक्शन झटक्यात आणि दुसरी रेंगाळत होत असेल तर त्याची डिफॉल्ट पद्धत आरके४५ नुसती रांगते. ‘राडाऊ’ किंवा ‘बीडीएफ’ पद्धत लावा, चहा यायच्या आत उत्तर. डिफॉल्ट सापेक्ष टॉलरन्स (उत्तराच्या प्रमाणात चुकीची मुभा) ०.००१ आहे, तेवढा कमी करून घ्या. आकड्यांऐवजी सूत्रं हवी असतील तर सिम्पाय, ते अडलं तर मॅक्सिमा. दोन्ही फुकट.