गच्चीवरचा सोलर आणि तिसऱ्या मजल्यावरची बादली

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. रिडेव्हलपमेंटनंतरची, बारा मजले, चोवीस बिऱ्हाडं. ताबा मिळाला तेव्हा गच्चीवर पाणी तापवायचा सोलर तयार होता: पाचशे लिटरच्या चार टाक्या आणि काचेच्या दोनशे नळ्या. ओसीसाठी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्यासाठी, तो लावावाच लागतो, म्हणून बिल्डरने लावलेला. तो चार वर्षं वापरलाय आणि त्यातली दोन वर्षं खजिनदार म्हणून त्याची बिलंही भरलीत, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क आहे असं समजते.

यंत्राबद्दल तक्रार नाही. मुंबईची थंडी म्हणजे शाल घ्यावी की नको अशी, पण त्या दिवसांत आकाश स्वच्छ असतं आणि पाणी संध्याकाळपर्यंत चटका बसेल इतकं तापतं. टाकीला जाड आवरण असल्यामुळे पहाटेही छान गरम. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सूर्यनारायण रजेवर. तेव्हा टाकीतली विजेची कॉइल लावावी लागते आणि कॉमन मीटर पळतो. ते गृहीतच धरा.

खरं दुखणं टाकीच्या खाली आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या हिवाळ्यात मी रोज पहाटे नळ सोडून उभी राहायची आणि बादली भरेपर्यंत पाणी गारच. अकराव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या, "अहो, आमच्याकडे तर लगेच कढत येतं!" मग नातवाच्या फिशटँकचा थर्मामीटर आणला. पावणेसहाला पहिलं पाणी 27 अंश, एक बादली ओतून झाल्यावर 51.

हिशेब साधा आहे. डाउनटेक लाइन, म्हणजे गच्चीवरून खाली येणारा पाइप, एक इंची, तिच्यात मीटरमागे अर्धा लिटर पाणी. नऊ मजले आणि गच्चीवरची आडवी लाइन मिळून सुमारे 37 मीटर. म्हणजे अठरा लिटर पाणी रात्रभर पाइपात थंड होऊन पडलेलं, आणि ते मोरीत गेल्याशिवाय टाकीतलं येणार कसं? लोकांनी चार दिवस वाट पाहिली आणि गपचूप गिझर बसवले. आमच्या पाण्याला 26 चं 40 अंश करायला वीस लिटरच्या बादलीमागे साधारण तृतीयांश युनिट लागतं. चार माणसं धरा, महिन्याला चाळीस युनिटं. सोलर डोक्यावर असताना!

उपाय प्लंबरने दोन मिनिटांत सांगितला. "ताई, रिटर्न लाइनच नाही टाकलेली." थंड झालेलं पाणी परत टाकीत नेणारी लाइन, एक छोटा पंप आणि टायमर, शिवाय उघड्या पाइपांना फोमचं आवरण. एवढ्यासाठी कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या. वरच्या मजल्यांचं म्हणणं, आम्ही पैसे का द्यावे? एका काकांनी तर विचारलं, गच्चीवर सोलर आहे तर लिफ्ट त्याच्यावर का चालत नाही? हा पाणी तापवायचा, विजेचा वेगळा, हे समजावण्यात अर्धा तास गेला. विजेच्या सोलरला केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात खरे, पण त्याला किलोवॅटमागे दहाएक चौरस मीटर गच्ची लागते. ती आमच्याकडे या नळ्यांनी व्यापलेली.

शेवटी लाइन टाकली. आता तिसऱ्या मजल्यावर दोन तांब्यांत गरम पाणी येतं.

देखभालीबद्दल एकच सांगते, कारण ते आम्हाला महाग पडलं. मे महिन्यात पाण्याची टाकी धुणाऱ्या माणसांनी सोलरच्या टाक्याही रिकाम्या केल्या. नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या आणि दुपारी एकाला त्यांनी गार पाणी सोडलं. अकरा नळ्या फटाक्यांसारख्या फुटल्या. टाकी धुवायची तर पहाटे, आणि सोलरचं पाणी काढलंच असेल तर नळ्या निवल्यावरच भरायचं. सोलर बसवणाऱ्या एजन्सीने हे कुठे लिहून दिलं नव्हतं. फोन केला तर "बिल्डरशी बोला".

माझा पुतण्या ग्लासगोला असतो. त्याला हे रामायण ऐकवलं तर म्हणाला, "काकू, घरं कशी तापवायची याचा आराखडा आमच्याकडे कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, करते." स्कॉटलंडमध्ये 2022 च्या आदेशाने सगळ्या 32 कौन्सिलांना असा आराखडा करावा लागला. कुठल्या वस्तीतल्या भिंतींतून ऊब निसटते, कुठे उष्णतेचं सामाईक जाळं टाकता येईल, असलं सगळं त्यात. आपल्या पालिकेनेही मार्च 2022 मध्ये वातावरण कृती आराखडा आणला. शहराच्या उत्सर्जनात सुमारे 72 टक्के वाटा ऊर्जेचा, असं त्यातच लिहिलंय. आपल्याकडे घर तापवायची वेळ येत नाही, तापतं ते अंघोळीचं पाणी. पण ओसीच्या वेळी साहेब गच्चीवर जाऊन टाक्या बघतात. एखाद्याने तिसऱ्या मजल्यावर उतरून नळ सोडला असता तर!

पाचपैकी साडेतीन तारे. पूर्ण गुण यंत्राला, वजाबाकी प्लंबिंगची. नवीन घर घेताय तर बिल्डरला "सोलर आहे का?" विचारू नका, "रिटर्न लाइन आहे का?" विचारा, आणि तो गोंधळला तर ओळखा.

ताजा कलम: गेल्या आठवड्यात केबल फॉल्टमुळे चार तास लाइट नव्हती. चकतीवाला टायमर तेवढाच मागे पडला, सकाळी साडेपाचचा पंप साडेनऊला सुरू व्हायला लागला आणि तीन दिवस सगळ्यांनी मला फोन केले. आता वॉचमनला टायमर लावायला शिकवलंय.