पाहणारं यंत्र की चाचपणारं?

टायटॅनियमच्या कृत्रिम सांध्यावर पेशी आणि प्रथिनं कशी चिकटतात, हे तपासायला प्रयोगशाळेत दोन यंत्रं समोर येतात: स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (इलेक्ट्रॉनांच्या झोताने पृष्ठभागाचं चित्र काढणारा) आणि अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे एएफएम.

पहिलं भराभर काम करतं. मोठा भाग एका नजरेत दिसतो, मग हवं तिथे काही नॅनोमीटरपर्यंत (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) उतरता येतं. पण नेहमीच्या यंत्रात नमुना निर्वातात जातो. त्याआधी तो वाळवायचा, बहुधा वर सोन्याचा पातळ थर द्यायचा. म्हणजे पेशी मेलेलीच पाहायची.

एएफएम 1986 मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी मांडला. लवचीक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. ती पृष्ठभागावरून फिरते, पट्टी वाकते आणि ते वाकणं लेसरने टिपलं जातं. बोटांनी ब्रेल वाचावं तसं. हे सगळं पाण्यात, जिवंत पेशीवरही जमतं. उंची मोजता येते, पेशीचा मऊपणा कळतो, एकच प्रथिन ओढून सोडवायला किती पिकोन्यूटन (बळाचं अतिसूक्ष्म एकक) बळ लागतं तेही कळतं. जपानच्या कानाझावा विद्यापीठातल्या तोशिओ आंदो यांच्या गटाने 2010 मध्ये मायोसिन-5 हे पेशीत ओझी वाहणारं प्रथिन अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूवर पावलं टाकत चालताना टिपलं. आजही ते पाहताना अंगावर काटा येतो.

अडचणी आहेतच. नेहमीच्या एएफएमला एका चित्राला काही मिनिटं लागतात, आणि सुई बोथट झाली की चित्र खोटं बोलतं. खडबडीत पृष्ठभाग असेल तर मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच घेईन. पण प्रश्न जिवंत पेशीच्या स्पर्शाचा असेल, तर एएफएमच.