पेट्रोलियम जेली की सिलिकॉन ग्रीस? गोड्या पाण्यातल्या बोटीच्या वायरिंगसाठी

"आपल्याकडे कुठे समुद्र आहे? खारं पाणी नाही, मग वायरिंगला काय होते?" वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर बोट चालवणारे बरेच जण असं म्हणतात, आणि ते अर्धं खरंही आहे. मीठ नसल्यामुळे गंज सावकाश चढतो, पण चढतोच. पावसाळ्याची ओल आहे, हिवाळ्यात पहाटे बॅटरीच्या पेटीवर साचणारं दव आहे. शिवाय नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरणारं नागपूरचं सांडपाणीही आहे. तांब्याला एवढं पुरे होतं.

आणि बोटीवर नुकसान लवकर कळतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर सेल्फ मारताना १०० अँपिअर सहज ओढले जातात. थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याखाली, ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी १ व्होल्ट तिथंच संपतो. मग ऐन पाण्यात टक-टक आवाज येतो आणि "सेल्फ घेऊन नाही राहिला भाऊ" हे वाक्य ऐकू येतं. बॅटरी बदलायला धावण्याआधी थिंबल काढून पाहावं.

साफसफाईत फार वाद नाही. टर्मिनलवरचा पांढरा-निळसर थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं, फेस थांबेपर्यंत, धुवायचा. बॅटरीची बुचं तेवढी घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो. थिंबल पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायचं. बारीक पिनांच्या कनेक्टरला मात्र पॉलिश पेपर लावू नका, तिथं कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बरा. पेट्रोल इंजिन असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि फवाऱ्यानंतर पेटी उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. वायर सोलल्यावर आतलं तांबंच काळं निघालं, तर तेवढा तुकडा कापून नवीन थिंबल दाबण्याला पर्याय नाही.

आता वरून लावायचं काय? डब्ल्यूडी-४० सारखे फवारे ओल हटवायला उत्तम, पण त्यांचा थर पातळ, म्हणून पूर्ण पावसाळ्याची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकत नाही. ट्रॅक्टरचं ग्रीस लावणारेही आहेत, लावोत बापडे. खरी निवड पेट्रोलियम जेली आणि सिलिकॉन ग्रीस यांच्यातच आहे.

जेलीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गावातल्या किराणा दुकानात मिळते, चहा-नाश्त्याच्या पैशात डबी येते, आणि पिढ्यान् पिढ्या मेकॅनिक तीच लावत आलेत. हवा आणि पाणी अडवण्याचं काम ती चोख करते. पुण्या-मुंबईकडे असतो तर कदाचित मी आजही तीच वापरत असतो.

पण आपल्याकडे मे महिना असतो. पाणी ओसरतं, बोट काठावरच्या रेतीत उघड्यावर पडून राहते, पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॅटरीच्या बंद पेटीत त्याहून जास्त. जेली ४० ते ६० अंशांच्या दरम्यान पातळ होते. झाकण उघडावं तर टर्मिनलच्या माथ्यावर नावालाही जेली नसते. ती ओघळून बॅटरीच्या अंगावर, पट्ट्यावर, पेटीच्या तळाशी जमलेली असते, आणि त्यात धूळ, रेतीचे कण, दोन-चार मेलेल्या माश्या. पाना धरला की तो चिकट काळा लगदा हातभर लागतो. खरी चीड मात्र वेगळीच आहे: उघडा पडतो तो नेमका वरचा भाग, आणि तोही मृगाच्या तोंडावर. ज्या पावसासाठी ती लावली, त्याच्या आधीच ती निघून गेलेली असते. जूनमध्ये पुन्हा लावा म्हणणारे चूक नाहीत, पण पेरणीच्या धांदलीत बोटीकडे कोण पाहतो?

सिलिकॉन ग्रीस या उन्हाला भीक घालत नाही. २०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकणारं असतं ते, त्यामुळे पेटीतल्या गरमीची त्याला मातब्बरी नाही. मी मोजमाप काही केलेलं नाही, पण उन्हाळ्यानंतर पेटी उघडली की थर लावला तसाच दिसतो, बोटानं पुसला तर खाली धातू चमकतो. कनेक्टरच्या रबरी टोप्यांनाही ते मानवतं. जेलीनं नैसर्गिक रबर फुगतं आणि सैल पडतं. महाग आहे, हे मान्य. आमच्याकडे तर नागपूरला कुणी जाणार असेल तेव्हाच मागवावं लागतं. पण एक ट्यूब खूप पुरते, कारण थर पातळच द्यायचा असतो.

दोन्ही पदार्थ वीज वाहून नेत नाहीत. म्हणून आधी धातूला धातू भिडवून नट आवळा, मग वरून थर द्या. स्विच किंवा रिलेच्या आत, जिथं ठिणगी उडते, तिथं सिलिकॉन अजिबात नको. ठिणगीनं त्याची काचेसारखी पूड होऊन कॉन्टॅक्टच बंद पडतो.

बोट शेडमध्ये किंवा दाट सावलीत राहत असेल, तर जेलीवर भागेल, उगाच खर्च करू नका. उघड्यावर असेल तर मी सिलिकॉनच म्हणेन. फक्त हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "सिलिकॉन द्या" म्हणू नका. तो बाथरूमच्या फटी भरायची नळी काढून देईल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी ती नळी सुकताना ॲसिड सोडते आणि तांबं खाते. ट्यूबवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस, असं लिहिलंय ना, ते वाचूनच पैसे द्या.