भाट्ये बीचवर केलेलं फॅमिली फोटोशूट, आमचा अनुभव

रत्नागिरीतल्या एका फोटोग्राफर ताईंकडून आमचं शूट करून घेतलं, आम्ही दोघं, आई आणि अडीच वर्षांची लेक. ताईंनी आधीच सांगितलेलं की दुपारी नको, सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, सूर्यास्ताच्या तासभर आधी या आणि पोरीची झोप आणि खाणं उरकून आणा. हे शेवटचं फार महत्त्वाचं निघालं!

तरी लेक पहिली पंधरा मिनिटं माझ्या खांद्यावरून मान वर करेना. ताईंनी कॅमेरा बाजूला ठेवला, वाळूत मांडी घातली आणि कुर्लीची बिळं दाखवत बसल्या, "हसा" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मग ती आपणहून उतरली, बिळात बोट घातलं आणि आजीकडे बघून खळखळून हसली. तो फोटो ताईंनी वाळूत पालथं पडून तिच्या डोळ्यांच्या लेव्हलला काढलाय, मागे सुरूचं बन धूसर आणि आईच्या पदराला वारा लागलेला. पळणाऱ्या पोराला शटरचा वेग १/५०० सेकंदाहून जलद ठेवावा लागतो म्हणे, म्हणून पाय कुठेच हललेले नाहीत.

फोटो यायला मात्र ठरल्यापेक्षा दोन आठवडे जास्त लागले, फोन आम्हालाच करावे लागले, ते खटकलं. तरी लहान मुलं असतील तर नक्की यांच्याकडेच जा.