लॅटिन शब्द चालवायचे, पण कोणत्या क्रमानं?

लॅटिनची दोन पुस्तकं शेजारी उघडून ठेवली, की एकात षष्ठी दुसऱ्या ओळीवर दिसते आणि दुसऱ्यात चौथ्या. रूपं तीच, प्रत्यय तेच, फक्त म्हणायचा क्रम वेगळा. क्रम एकदा जिभेवर बसला की सहसा हलत नाही, म्हणून सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

जुना क्रम असा: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, अब्लेटिव्ह. संबोधन शेवटी टाकतात किंवा गाळतात. दोनातुस, प्रिस्किआनुस या रोमन वैयाकरणांपासून तो चालत आला आहे आणि त्यांच्याकडे आला ग्रीकांकडून. ग्रीकमध्ये अब्लेटिव्ह नाही, म्हणून ती बिचारी शेवटी जोडलेली. आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी ती एकटी सांभाळते, तरी जागा शेवटचीच. अमेरिकेत आणि जर्मनीत आजही हाच क्रम चालतो. व्हीलॉकचं १९५६पासून चालत आलेलं पाठ्यपुस्तक याच वाटेनं जातं.

नवा क्रम इंग्लंडमधला: प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, अब्लेटिव्ह. बेंजामिन हॉल केनेडींच्या १८६६च्या प्राइमरमुळे, म्हणजे शालेय व्याकरणाच्या पुस्तकामुळे, तो तिथल्या शाळांत रुजला. लॅटिनमधूनच लॅटिन शिकवणारे डॅनिश लेखक ओर्बेर्ग हेही द्वितीया प्रथमेच्या लगेच खालीच ठेवतात.

लॅटिन नामांचे, ती कशी चालतात त्यावरून, पाच वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले शब्द चालवताना यातला फरक जाणवणारही नाही. ‘पुएल्ला’ कुठल्याही क्रमानं म्हणा, पटकन बसतो. द्विवचन नसल्यामुळे संस्कृतवाल्यांचं एक तृतीयांश काम आधीच वाचलेलं असतं. खरी गंमत नपुंसकलिंगापासून सुरू होते, कारण तिथे प्रथमा, संबोधन आणि द्वितीया यांचं रूप एकच असतं.

मी आधी जुना क्रम पाठ केला होता. त्याच्या बाजूनं एक मुद्दा फार भक्कम आहे आणि तो मी आजही मानतो. लॅटिन कोशात नाम प्रथमा आणि षष्ठी अशा जोडीनं दिलेलं असतं: रेक्स, रेगिस. षष्ठी म्हणजे शब्दाचं आडनाव समजा, तिच्यावरून घराणं कळतं. ‘दोमिनुस’, ‘मानुस’, ‘कोर्पुस’ तिन्हींचा शेवट ‘उस’, पण षष्ठी अनुक्रमे ‘दोमिनी’, ‘मानूस’, ‘कोर्पोरिस’, म्हणजे तीन वेगळे वर्ग. शिवाय ‘रेग्’, ‘कोर्पोर्’ हे मूळ अंगही षष्ठीतच हाती लागतं. जुन्या क्रमात ती दुसऱ्याच ओळीवर असते. केनेडींच्या क्रमात मात्र ‘कोर्पुस, कोर्पुस, कोर्पुस’ असं तीनदा म्हणून झाल्यावर कुठे ‘कोर्पोरिस’ येतं. कोशाशी ज्यांचं रोजचं काम पडणार त्यांना हे खटकेल.

तरीही मी क्रम बदलला, आणि कारण ऐकून कदाचित हसाल. ‘तेम्प्लुम’ हा नपुंसकलिंगी शब्द जुन्या क्रमानं चालवून पाहा: तेम्प्लुम, तेम्प्ली, तेम्प्लो, तेम्प्लुम, तेम्प्लो. वाचताना ‘तेम्प्लुम’ समोर आलं की मनातली यादी सुरू होते, पहिल्याच पायरीवर जुळते आणि तिथेच थांबते. शब्द कर्ता ठरून जातो. तोच शब्द तीन ओळी खाली द्वितीयेतही आहे, हे मुद्दाम आठवावं लागतं, आणि ते प्रत्येक वाक्यात आठवत बसणं मला असह्य झालं. वर्तमानपत्रात नेहमी दिसणारं ‘हेबियस कॉर्पस’ घ्या. त्यातलं कॉर्पस द्वितीयेत आहे, ‘हेबियस’ या क्रियापदाचं कर्म, पण रूपावरून ते कळायला मार्ग नाही. केनेडींच्या क्रमात तीच तीच रूपं एकाखाली एक येतात, त्यामुळे पाठांतरातच इशारा मिळतो: इथे थांबू नकोस, क्रियापद बघ.

शाळेत संस्कृत झालं असेल तर हे ओळखीचं वाटेल. ‘वनम् वने वनानि’ प्रथमेला, पुन्हा तेच द्वितीयेला, आणि पुढे ‘शेषं रामवत्’. आपल्या परंपरेतही सारखी रूपं शेजारी पडतात: चतुर्थी-पंचमीत रामाभ्याम्, रामेभ्यः, षष्ठी-सप्तमीत रामयोः. लॅटिनमध्ये अनेकवचनी चतुर्थी आणि अब्लेटिव्ह पाचही वर्गांत हुबेहूब सारख्या असतात. केनेडींच्या क्रमात त्या शेजारी येतात, जुन्यात मध्ये द्वितीया घुसते. ‘रेक्स’चं अनेकवचन मोठ्यानं म्हणून बघा: रेगेस, रेगेस, रेगेस, रेगुम, रेगिबुस, रेगिबुस. सहा ओळी, प्रत्यक्षात रूपं तीन. जुन्या क्रमातही रूपं तीनच, पण रेगेस, रेगुम, रेगिबुस, रेगेस, रेगिबुस अशी उड्या मारत येतात.

हा माझ्या कानाचा अनुभव झाला. ज्यांचं पाठांतर ऐकून नव्हे, पाहून होतं, त्यांना दोन्ही तक्ते सारखेच वाटतील. तुमचे शिक्षक व्हीलॉक शिकवत असतील तर वर्गाच्या उलट्या क्रमानं घोकण्यात शहाणपण नाही. इंटरनेटवरचे बरेच तक्ते, विक्शनरीसुद्धा, जुन्याच क्रमात आहेत, त्यामुळे केनेडी धरला तर ते मनातल्या मनात उलटेपालटे करावे लागतील.

एकट्यानं शिकत असाल तर मात्र मी केनेडींकडे झुकेन, आणि षष्ठीची उणीव वेगळ्या वाटेनं भरेन. नवा शब्द लिहिताना तो नेहमी जोडीनं लिहायचा: रेक्स, रेगिस. कोर्पुस, कोर्पोरिस. लिंगही शेजारी. एकटी प्रथमा वहीत येऊच द्यायची नाही. तक्ते छापील घेऊ नका, सहा ओळींचे स्वतः आखा, आणि दुसऱ्या वर्गात ‘दोमिनुस’ झाला की लगेच ‘तेम्प्लुम’ चालवा. कोणता क्रम आपला, ते तिथे कळेल.