दोन दिवसांचा स्कूबा वर्ग, बडोदा: दमसासाचा गर्व उतरला

वीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेते, त्यामुळे श्वास कसा घ्यावा हे मला कुणी शिकवावं असं वाटत नव्हतं. डिसेंबरात तारकर्लीला जायचं म्हणून भाचीने इथेच एका स्कूबाच्या, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याच्या, वर्गात माझं नाव घातलं. 3,500 रुपये, साडेतीन मीटर खोल तरणतलाव, आम्ही सहा जण.

पहिल्याच बुडीत पंचवीस मिनिटांत माझ्या गेजची, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीची, सुई 200 बारवरून (बार हे दाबाचं माप) 100 वर. सर अजून 160 वर! दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्याचा जिना धावत चढावा तशी मी हवा ओढत होते, आणि मधूनच तानेआधी भरून घ्यावा तसा श्वास धरून ठेवत होते. ‘बेन, श्वास रोकशो नहीं,’ सरांनी तीनदा बजावलं. वर येताना दाब घटतो, कोंडलेली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. कमी श्वास घेऊन टाकी पुरवायची माझी हुशारीही त्यांनी मोडीत काढली. कार्बन डायऑक्साइड साठून डोकं दुखतं म्हणाले. दुखतच होतं. त्यांनी कमरेच्या पट्ट्याला लावलेलं वजन दोन किलोंनी उतरवलं, हात हलवायचे बंद करायला लावले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात सुई 125 वर.

हिशेब त्यांनी फरशीवर ओल्या बोटाने मांडला. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट. 20 मीटरवर तिप्पट. म्हणजे वर तासभर पुरणारी टाकी तिथे वीसच मिनिटं. त्यातही 50 बार राखायचे, आणि वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायला लागणारी हवा आधीच हिशेबात धरायची. एवढं स्वच्छ मला शाळेत भौतिकशास्त्र कुणी समजावलं नव्हतं.

आता तक्रार. पहिल्या दिवशी गेज आमच्याऐवजी तेच बघत राहिले, विचारलं एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी उतरण्याआधी मी सुईवर नजर ठेवून दोन श्वास घेतले, तर दर श्वासाला ती खाली झुकून परत वर येत होती. टाकीची तोटी अर्धवटच उघडलेली! मदतनीस मुलगा ‘चालेल, चालेल’ म्हणत होता. सरांनी येऊन ती पूर्ण उघडली, त्याला झापलंही. पण माझ्या लक्षात आलं नसतं तर?

शिकवण्याला पाच तारे, सामानाला दोन. आठवड्याने पुन्हा जाणार आहे. त्या गेजच्या काचेवर एवढे चरे आहेत की 50 आणि 80 सारखेच दिसतात. ती बदलून ठेवा, असं फोनवर सांगून ठेवलंय.