काळ्या प्लॅस्टिकआडची तार

आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून साडेतीन किलोमीटर आत आहे. वाट कशीबशी गाडीपुरती. दोन्ही बाजूंना माणग्याची बेटं, करवंदीच्या जाळ्या आणि गेल्या काही वर्षांत सगळीकडे माजलेली रानमोडी. पावसात भिजून जड झालेला माणगा वाटेवर ओणवा होतो आणि गाडी खालून जाताना सरळ काचेवर येतो. माझी 2009 सालची जिप्सी आहे. दोन वर्षांत तिचे दोन आरसे गेले, एकदा वायपर उपटून निघाला. म्हणून मी फांद्या वर ढकलणाऱ्या तारा बसवायच्या ठरवल्या.

ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या बंपरच्या दोन टोकांपासून टपावरच्या कॅरिअरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपर्यंत दोन तारा तिरक्या ताणून बांधतात, विजेच्या खांबाला ताण देतात तशा. समोरून आलेली फांदी काचेवर आपटण्याऐवजी तारेवर चढते, घसरत वर जाते आणि टपावरून मागे पडते. ऑस्ट्रेलियात झुडपी रानातून चालणाऱ्या गाड्यांवर अशा तारा सर्रास दिसतात. कल्पना चांगली आहे, आणि माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. माझ्या गाडीवर जे बसवलं गेलं त्याबद्दल आहे.

मे 2023 मध्ये मी कोल्हापूरकडच्या एका गॅरेजात गेलो. तिथे जीप, थार, जिप्सी उभ्या होत्या, काम जोरात चाललेलं दिसत होतं. मालकाने टेबलावर हातभर तार ठेवली. चकचकीत स्टेनलेस स्टीलची, बारीक तंतू एकमेकांत पिळलेली, हातात घेतली की वजन जाणवावं अशी. "साहेब, इंपोर्टेड आहे. गंज धरला तर पैसे परत," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की नुसत्या बंपरला तार बांधता येत नाही, त्यासाठी पुढे लोखंडी बुलगार्ड लागतो, आणि त्याच्याकडचा गार्ड "आरटीओ पास" आहे. शिक्का मारलेला, लॅमिनेट केलेला एक कागदही त्याने हातात दिला. सगळं मिळून 19,500 रुपये झाले. मी फोनवरून पैसे पाठवले. बिलाच्या जागी एका चिठ्ठीवर "फिटिंग" एवढाच शब्द आणि रक्कम लिहून मिळाली.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा तारांवर काळं प्लॅस्टिकचं आवरण होतं. टेबलावरचा नमुना तर उघडा होता. मी विचारलं. तो म्हणाला, "आवरणामुळे फांदी घसरते, रंगाला ओरखडे येत नाहीत." हे खरंच आहे, चांगल्या तारांवरही असं आवरण असतं. म्हणूनच मला पटलं. पण त्याच आवरणाआड आत काय आहे ते दिसत नाही, आणि टोकं तर त्याने काळ्या टेपने गुंडाळून टाकली होती.

जुलैमध्ये, पाऊस चांगला लागल्यावर, मी आणि माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या बागेत निघालो होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने जात होती. एक ओणवा माणगा डाव्या तारेवर आला, अंगठ्यापेक्षा थोडा जाड असेल. तार ताणली गेली आणि खालचं टोक सुटलं. आवाज ऐकू आला तोवर तार मागे उसळून काचेवर बसली होती आणि डावीकडच्या उघड्या खिडकीतून आत आली होती. काचेला मधोमध चीर गेली. पुतण्याचा हात खिडकीवर होता. कोपराखाली सात टाके पडले. तार वीतभर वर गेली असती तर त्याच्या डोळ्याला लागली असती, आणि हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

माझे धाकटे काका वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. आयुष्यभर त्यांनी खांबांना ताण दिल्या. दुसऱ्या दिवशी ते गाडीजवळ आले, उजवीकडची शाबूत तार पक्कडीने कापली आणि चाकूने वरचं प्लॅस्टिक सोललं. आत चार बारीक लोखंडी तंतू होते, तेही गंजलेले, आणि मध्ये प्लॅस्टिकचा धागा. काका म्हणाले, "हिका ताण कोण म्हणतलो? ही कपडे सुकत घालूची दोरी आसा."

मग त्यांनी एकेक जोड दाखवला. तारेचं टोक वळवून जो फास करतात, त्याच्या आत थिंबल, म्हणजे पन्हळीसारखी धातूची कडी, हवी. ती नसली तर तार बोल्टवर मुरडते आणि तिथेच तुटते. माझ्या एकाही फासात थिंबल नव्हतं. फास पक्का करणारी ॲल्युमिनियमची नळी खास दाबयंत्राने दाबावी लागते. इथे ती हातोडीने ठोकून चपटी केली होती, तिच्यातूनच तार निसटली. उजवीकडे वरच्या टोकाला नळीऐवजी यू आकाराचा एकच क्लिप होता, तोही उलटा. क्लिपचा खोबणीचा भाग ताण घेणाऱ्या तारेवर बसायला हवा आणि यू बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटा लावला की यू बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेपतो. आणि एका टोकाला असे निदान दोन-तीन क्लिप लागतात. काकांना हे सांगताना राग आवरत नव्हता. "खांबाक असा काम केला असता तर माणूस मेलो असतो," ते म्हणाले.

लोहचुंबकाची एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण "चुंबक लावून बघा" हा सल्ला मला अनेकांनी दिला. स्टेनलेसची तार थंड अवस्थेत ओढून बारीक केलेली असते, त्यामुळे चांगल्या 304 दर्जाच्या तारेलाही चुंबक थोडं धरतं. तेवढ्यावरून खोटी ठरवू नका, आणि विकणाऱ्याने चुंबक धरत नाही असं दाखवलं म्हणून खरीही मानू नका. टोक कापून, वरचं प्लॅस्टिक सोलून, आतले तंतू बघायचे. चार मिलिमीटरच्या लवचीक स्टेनलेस दोरात सहसा सात पेड असतात आणि प्रत्येक पेडात एकोणीस बारीक तारा. असा दोर तुटायला आठशे किलोच्या आसपास भार लागतो. तो कापलेल्या टोकाला झाडूसारखा फुलतो. माझ्या तारेत मोजायला चारच तंतू होते.

बुलगार्डचं खोटं 2024 मध्ये उघड झालं. गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून पासिंगला नेली, तर निरीक्षकांनी आधी गार्ड काढायला सांगितला. मी तो लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. असा गार्ड कुठलाही आरटीओ पास करत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं उल्लंघन असल्याचं कळवलं होतं. समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याला हा लोखंडी सांगाडा जास्त इजा करतो, आणि एअरबॅग असलेल्या गाड्यांत सेन्सरचं काम बिघडू शकतं. म्हणजे मी पैसे देऊन दंडाला पात्र होणारी वस्तू बसवून घेतली होती, आणि तिची गरजही नव्हती. जिप्सीचा बंपर लोखंडी असतो. काकांनी नंतर त्याच्याच टोकांना डोळ्याचे, म्हणजे टोकाला कडी असलेले, बोल्ट लावून तारा बांधून दिल्या. दोर, थिंबल, तार पिळून ताणायचे टर्नबकल, क्लिप असं सगळं सामान दोन हजार दोनशेत आलं. तारा फक्त बागेच्या वाटेवर लावतो, हमरस्त्यावर येण्याआधी सोडतो. आणि मनगटाएवढी फांदी आडवी आली तर थांबून कोयत्याने तोडतो. एवढा भार तारेवर घातला तर कॅरिअरच उखडून येईल.

गॅरेजवाल्याला फोन केला तेव्हा त्याने आधी "तुम्ही गाडी जोरात चालवली असेल" म्हटलं. मग सहा हजार परत द्यायला तयार झाला, पण तक्रार नाही असं लिहून दिलं तरच. मी लिहून दिलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद केली, आणि त्यातून काही झालं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. प्रकरण अजून चालू आहे. पक्कं बिल नसल्याने बऱ्याच गोष्टी मलाच सिद्ध कराव्या लागत आहेत. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, त्या दिवशी गॅरेजात काढलेले दोन फोटो आणि पुतण्याचे दवाखान्याचे कागद, एवढ्यावरच मी उभा आहे.

तारेचा दोन फुटी तुकडा, एका टोकाला सोललेला, मी जपून ठेवला आहे. तुमच्या गाडीवर काळं आवरण असलेल्या आणि टोकं टेपने गुंडाळलेल्या तारा असतील, तर पुढच्या पावसाआधी टेप काढून बघा. आत अशीच दोरी निघाली तर ती फेकू नका. कापायच्या आधी जोडांचे फोटो काढा, मग तुकडा पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.